नळी ३२ ची, उजेड १८ चा : एअर रायफलच्या स्कोपमध्ये झालेली फसवणूक

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या माळ्यावरची जुनी एअर रायफल खाली आली. ०.१७७ इंची, नळी खाली वाकवून एकेक छर्रा भरायची, स्प्रिंगवाली. धाकटीनं ती स्वतः पुसली. सोलापुरात होटगी रस्त्याच्या बाजूला आमचं थोडं रान आहे. तिथं वाळूची पोती रचून पुढं कागदी टार्गेट लावलं, अंतर टेपनं मोजून २५ मीटर. दर रविवारी सकाळी बापलेक तिथं. स्पर्धेतल्या १० मीटरला स्कोप, म्हणजे रायफलीवर बसवायची दुर्बीण, चालत नाही, तिथं बारीक भोकातून नेम धरायची पीप साइटच लागते, हे मला माहीत होतं. पण आमचा छंद होता, आणि उघड्या साइटनं २५ मीटरवर तिला काळा ठिपका नीट दिसत नव्हता. म्हणून स्कोप घ्यायचं ठरलं.

शहरातल्या एका विक्रेत्याकडं गेलो. बोलायला अतिशय गोड. मी आखूड, हलका स्कोप मागितला, कारण रायफल आधीच जड आणि पोरगी सोळा वर्षांची. त्यानं ३-९x३२ चा, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा आणि पुढची काच ३२ मिलिमीटरची असलेला, एक छोटा स्कोप काढला. वर परदेशी कंपनीचं नाव, खोक्यावर एकनळी शिकारी रायफलचा फोटो. "तिकडं शिकारीच्या बंदुकीवर हाच लावतात अण्णा. काडतुसाचा दणका सोसतो, तुमच्या छर्‍याच्या बंदुकीचं काय घेऊन बसलात!"

या एका वाक्यावर मी ६,८०० रुपये दिले. वाक्य पटण्यासारखंच होतं. आपल्याकडं शिकारीला बंदी, त्यामुळे तसल्या रायफलीवर स्कोप लावलेला माणूस आपल्या ओळखीत नसतो. विचारणार कुणाला?

खरी गोष्ट उलटी आहे. काडतुसाची रायफल फक्त मागं दणका देते, आणि साधा स्कोप तेवढाच सोसायच्या बेतानं बांधलेला असतो. स्प्रिंगच्या एअर रायफलीत आतला जड पिस्टन पुढं धावतो तेव्हा रायफल मागं येते, आणि तो टोकाला जाऊन थांबतो तेव्हा रायफल पुढं हिसका खाते. एका छर्‍याला दोन हिसके, उलटसुलट दिशांचे. या पुढच्या हिसक्यासाठी आतल्या भिंगांना आधार नसेल तर चांगला महागडा स्कोपही खिळखिळा होतो. स्प्रिंगच्या एअर रायफलीसाठी वेगळे मजबूत स्कोप मिळतात. त्यानं मला ते दाखवलेच नाहीत.

दुकानाच्या दारात उभं करून त्यानं मला समोरच्या इमारतीवरची पाटी वाचायला लावली. वेळ दुपारची दीड, एप्रिलचं सोलापूरचं ऊन. अक्षर न् अक्षर स्वच्छ. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी लावावा लागेल, भाव वाढेल, आणि एका चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. निम्मे पैसे रोख घेतले, निम्मे यूपीआयनं. ही चिठ्ठी घेतली ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक.

पहिल्या रविवारी बरं गेलं. दुसऱ्या रविवारी छर्रे डावीकडं सरकले. आम्ही स्कोपवरचे नेम सरकवायचे क्लिक फिरवले. तिसऱ्या वेळी वर गेले. मी स्कोप रायफलीला धरून ठेवणारे माउंट आवळले, छर्‍याची डबी बदलली, नळी साफ केली. सकाळच्या पहिल्या उजेडात तर तिला काही दिसेचना. विक्रेत्याला फोन केला, तर तो थंडपणे म्हणाला, "स्कोप एक नंबर आहे. पोरीचा हात हलतोय."

आणि मी ते मानलं. तिला म्हणालो, श्वास धर, लक्ष दे, मोबाइल कमी बघ. एकदा तर रानात सगळ्यांसमोर ओरडलो. जूनपासून तिनं यायचं बंद केलं. अभ्यास आहे म्हणाली. ६,८०० रुपये मला पुन्हा कमावता येतील, ते महिने कुठून आणू?

उलगडा झाला तो जमीन मोजणीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका काकांमुळं. उभी हयात थिओडोलाइट उघडण्यात गेलेली. मी सहज स्कोप दाखवला. त्यांनी तो ९ वर ठेवून खिडकीकडं धरला आणि डोळा हातभर लांब ठेवला. मागच्या काचेत उजेडाची गोल टिकली दिसली. तिच्यावर मिलिमीटरची पट्टी धरली. २ मिलिमीटर. "पुढची काच ३२ ची असेल तर ३२ भागिले ९, साडेतीन यायला पाहिजे. इथं नऊ दुणे अठरा. आत काहीतरी अडवलंय बघ."

पुढची रिंग उघडली. भिंगामागं काळ्या प्लॅस्टिकची चकती, मधे १८ मिलिमीटरचं भोक. वाईट भिंगाची कड झाकली की मधलं चित्र रेखीव दिसतं, म्हणून ही चकती. मग दुकानात कसं कळलं नाही? तर भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली स्वतःच दोन-तीन मिलिमीटरवर आलेली असते. त्यापेक्षा जास्त उजेड आला काय नि न आला काय, फरक दिसतच नाही. तो दिसतो पहाटे आणि संध्याकाळी, बाहुली मोठी झाल्यावर. दुपारी दीडची वेळ त्याला सोयीची होती.

मग त्यांनी स्कोप शिकंज्यात पकडला, हात न लावता नुसता डोळा डावी-उजवीकडं हलवला. लांबच्या टॉवरवर स्कोपमधली नेमाची फुली हलली नाही, २५ मीटरवरच्या खुणेवर मात्र पाच-सहा मिलिमीटर पोहत गेली. डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो, हा पॅरालॅक्स. बंदुकीचे बरेच स्कोप १०० यार्डांना, म्हणजे ९१ मीटरला बसवलेले असतात. एअर रायफलीला जवळच्या अंतराला बसवलेला किंवा पुढची रिंग फिरवून अंतर जुळवता येणारा लागतो. काका म्हणाले, मोजणीत पॅरालॅक्स काढल्याशिवाय आम्ही एक आकडा लिहीत नाही.

क्लिकही त्यांनी तपासले. कोनाच्या पाव मिनिटाचा (एका अंशात साठ मिनिटं) क्लिक २५ मीटरवर साधारण १.८ मिलिमीटर, म्हणजे वीस क्लिकला ३६ यायला हवेत. वीस वर, वीस उजवीकडं, वीस खाली, वीस डावीकडं केलं की फुली मूळ जागी परत यायला हवी. आमची आधी अडकली, मग एकदम उडाली आणि परत आलीच नाही. शेवटी कंपनीच्या नावाचा स्टिकर नखानं निघाला. खाली दुसरंच नाव छापलेलं. कंपनीला खोक्यावरचा नंबर ईमेलनं कळवला. असा नंबर आमचा नाही, असं उत्तर आलं.

विक्रेत्यानं आधी ओळखच दाखवली नाही. मी यूपीआयची नोंद, फोटो आणि कंपनीचं उत्तर घेऊन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. तेव्हा त्यानं यूपीआयनं घेतलेले ३,४०० परत केले. रोखीचे ३,४०० घेतलेच नाहीत म्हणतो, आणि चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव ना सही. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते.

दिवाळीनंतर पक्क्या बिलावर साधा ४x३२ घेतला, झूम नसलेला, स्प्रिंगच्या रायफलीसाठी म्हणून लेखी लिहून घेतलेला. दुकानात संध्याकाळी सहाला गेलो, खिशात पट्टी घेऊन. टिकली भरली बरोबर ८. धाकटीला पुष्कळ विनवून रानात नेलं. तिनं पाच छर्रे मारले, कागद काढून आणला, भोकांवर बोट ठेवलं. पाचही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकत होते.

"अप्पा, म्हणजे तेव्हा माझा हात हलत नव्हता?"

मी नाही म्हणालो. मग तिची माफी मागितली.

तो जुना स्कोप, चकती आणि स्टिकर मी पिशवीत बांधून ठेवलाय, आयोगासमोर दाखवायला. तशीच खोकी त्या दुकानात अजून काचेमागं मांडलेली आहेत. मागच्या आठवड्यात जाताना पाहिली. शिकारी रायफलचा फोटो तोच, नाव मात्र दुसऱ्या कंपनीचं.