फॉरमॅट न मारता रुळावर आलेला लॅपटॉप : जळगावच्या एका दुरुस्ती दुकानाचा अनुभव

धरणगाव तालुक्यातील एका जिनिंगच्या कार्यालयात मी हिशेब पाहतो. विंडोज १० साठीची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि बँकेचे सगळे व्यवहार याच लॅपटॉपवरून होत असल्याने मी दिवाळीच्या सुट्टीत त्यावर विंडोज ११ चढवून घेतले. लॅपटॉप २०१९ सालचा आहे. आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क. पात्रता तपासणीत तो उत्तीर्ण झाला होता, त्यामुळे मी निश्चिंत होतो.

पाडव्यानंतर कामाला बसलो तेव्हा लॅपटॉप सुरू होऊन हाताशी यायला आठ-नऊ मिनिटे लागू लागली. पूर्वी दोन मिनिटांत काम सुरू होत असे. काट्यावर कापसाचे ट्रॅक्टर उभे, शेतकरी पावतीसाठी टेबलाशी थांबलेले आणि पडद्यावर निळे वर्तुळ फिरत राहिलेले, असे रोज घडू लागले. अपग्रेडनंतर फाइली शोधण्याची सूची नव्याने तयार होते आणि त्यामुळे एक-दोन दिवस संगणक जड चालतो, हे मला ठाऊक होते, म्हणून मी थांबलो. पंधरा दिवस उलटले तरी फरक पडला नाही. जवळच्या एका दुकानात नेला, तर लॅपटॉप उघडूनही न पाहता “फॉरमॅट मारावा लागेल, नाहीतर नवीनच घ्या” असे उत्तर मिळाले. टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममधला सात वर्षांचा डेटा आणि मराठी पत्रव्यवहारासाठी बसवलेले श्रीलिपीचे फाँट ज्या यंत्रात आहेत, त्याच्याबाबत सगळे पुसून टाकणारा हा सल्ला मला मानवला नाही.

त्यानंतर एका परिचितांच्या सांगण्यावरून मी जळगावला गोलाणी मार्केटमधील एका लहानशा दुकानात गेलो. दुकान जेमतेम दोन माणसे उभी राहतील एवढे आहे. तेथील तरुण कारागिरांनी आधी लॅपटॉप माझ्यासमोर सुरू केला आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकाचा कोणता भाग किती राबतोय हे दाखवणारी खिडकी, उघडला. प्रोसेसरचा वापर १२ टक्के, रॅम निम्म्याहून थोडी अधिक आणि डिस्क मात्र सलग १०० टक्के, तीही सेकंदाला जेमतेम १ ते २ एमबी एवढेच वाचत असताना. “काका, प्रोसेसर रिकामा बसलाय, डिस्ककडून फाइल येईपर्यंत त्याला कामच नाही,” असे त्यांनी सांगितले. फिरत्या तबकडीच्या डिस्कमध्ये वाचणारी सुई प्रत्येक फाइलसाठी जागा बदलते. एक मोठी फाइल ती बऱ्या वेगाने वाचते, पण नवी प्रणाली सुरू होताना ठिकठिकाणी विखुरलेल्या हजारो छोट्या फाइली मागते आणि तिथे तिची दमछाक होते, हे त्यांनी वहीच्या पाठकोऱ्या पानावर तबकडी काढून समजावले. मग डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम चालवला. तिथे पिवळ्या रंगात सावधानतेची खूण आली, कारण डिस्कचे काही सेक्टर, म्हणजे माहिती साठवणारे छोटे कप्पे, निकामी होऊन त्यांची जागा राखीव सेक्टरांनी घेतली होती. म्हणजे दोष अपग्रेडचा नव्हता. थकत चाललेली डिस्क त्या निमित्ताने उघडी पडली.

यापुढचा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वेग वाढवण्याचे काहीही करण्यापूर्वी त्यांनी टॅलीचा डेटा बाहेर काढला आणि तो केवळ कॉपी करून न थांबता आपल्या संगणकावर टॅलीतील आमच्या कंपनीचे हिशेब उघडून शेवटची नोंद मला दाखवली. ड्राइव्ह विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद आहे का, असल्यास ते उघडण्याचा क्रमांक, म्हणजे रिकव्हरी की, माझ्याकडे आहे का, हेही विचारले. त्यानंतरच ५१२ जीबीच्या एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या जलद डिस्कवर, जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत उतरवली. फाँट, प्रिंटरची जोडणी, सगळे जागच्या जागी राहिले. सुरू होताना आपोआप उघडणारे सात-आठ प्रोग्राम त्यांनी मला विचारून बंद केले आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस काढला. वेगासाठी काही जण विंडोजच्या गाभ्यात घातक प्रोग्राम शिरू न देणारे मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षण बंद करतात. बँकेचे काम असल्याने त्यांनी ते चालूच ठेवले, आणि तो निर्णय मला पटला.

लॅपटॉप आता वीस सेकंदांत सुरू होत होता. मी पैसे काढले, पण त्यांनी तो लगेच दिला नाही, अर्धा तास टॅली चालवत ठेवला. विसाव्या मिनिटाला तो पुन्हा मंदावला. या वेळी डिस्क शांत होती. प्रोसेसरचे तापमान मात्र ९० अंशांच्या वर गेले होते आणि जळू नये म्हणून तो आपला वेग स्वतःच कमी करत होता. मागचे झाकण उघडून त्यांनी पंखा बाजूला केला आणि चिमट्याने तांब्याच्या जाळीवरून एक पांढरट थर अलगद उचलून कागदावर ठेवला. तो रुईचा थर होता, देवापुढच्या वातीसाठी पिंजलेल्या कापसासारखा दाबून बसलेला. जिनिंगच्या हवेतले तंतू सहा हंगाम त्या जाळीत साठत गेले होते. जाळी साफ करून प्रोसेसरवर उष्णता बाहेर वाहून नेणारा नवा लेप (थर्मल पेस्ट) लावल्यावर तापमान ७० च्या आसपास स्थिरावले.

एसएसडीचे ३,४०० आणि मजुरीचे ८०० असे एकूण ४,२०० रुपये झाले. एसएसडीचे पक्के बिल तीन वर्षांच्या वॉरंटीसह मिळाले आणि जुनी डिस्कही माझ्या हातात परत दिली, ही गोष्ट सगळीकडे घडत नाही. तक्रारी दोन आहेत. संध्याकाळी मिळेल असे सांगितलेले काम दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्ण झाले आणि तसा फोनही आला नाही, त्यामुळे धरणगावहून माझी एक फेरी वाया गेली. शिवाय लॅपटॉप ठेवून घेताना पोचपावती दिली जात नाही; ज्यांच्या यंत्रात इतरांचे हिशेब आहेत त्यांनी ती मागून घ्यावी. आणखी एक गोष्ट मला तिथे कळली : अपग्रेड केल्यापासून दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधून जुन्या विंडोजवर परत जाता येते. माझी ती मुदत वाट पाहण्यात निघून गेली होती, अर्थात परत जाऊनही डिस्क सुधारली नसती.

या गोष्टीला आता महिना होत आला. काट्यावरचा माणूस वजन सांगेपर्यंत पावतीचा रकाना उघडलेला असतो. हंगामात दोनदा पंखा साफ करून न्या असे त्यांनी बजावले आहे, त्यामुळे संक्रांतीनंतर आवक उतरली की मी पुन्हा जळगावला जाणार आहे.