स्पेशल मुलासाठी ट्रस्ट करून देणारे ‘सर’ भेटले तर हे आधी वाचा

घरात दिव्यांग मूल असलं की आईबापांना एकच घोर असतो, आपल्यामागे याचं कोण. त्या घोरावरच काही जणांचं दुकान चाललंय. माझ्या आईबाबांना असंच एकाने बारा लाखांना टोपी घातली, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ट्रस्ट, म्हणजे मुलासाठी पैसे बाजूला काढून ते सांभाळायला ट्रस्टी नेमायचा, वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, उलट नीट केला तर आमच्यासारख्या घरांना तोच उपयोगी आहे. पण तो कोण करून देतंय आणि ट्रस्टी कोण आहे इथे सगळी गोम आहे.

माझा भाऊ छत्तीस वर्षांचा, डाऊन सिंड्रोम. बाबा पोस्टातून रिटायर, डोंबिवलीत स्वतःचा फ्लॅट, मी लग्न होऊन पुण्याला. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका फ्री सेमिनारचा मेसेज आला, आई गेली, आणि तिथे हे ‘सर’ भेटले. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. माणूस बोलायला इतका गोड की आईला काकू काकू करत घरी आला, भावासाठी चॉकलेट घेऊन आला, दोन तास बसून बाबांच्या एफडी, पीएफ, फ्लॅट सगळ्याची माहिती वहीत उतरवून घेऊन गेला. म्हणाला काका, नातेवाईकांवर भरवसा ठेवू नका, बहिणीचं सासर उद्या कसं वागेल कोणी सांगावं, ट्रस्टी प्रोफेशनल पायजे. (मी बहीण! माझ्याच घरात बसून.) आमची कंपनी ट्रस्टी राहील, नॅशनल ट्रस्ट अ‍ॅप्रूव्हड आहे, चॅरिटी कमिशनरचा रजिस्ट्रेशन नंबर आहे, आणि ट्रस्टला टॅक्स लागतच नाही.

यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. नॅशनल ट्रस्ट ही 1999 च्या कायद्याने झालेली सरकारी संस्था, ती असल्या घरगुती ट्रस्टला मंजुरी वगैरे देत नाही. चॅरिटी कमिशनरकडे सार्वजनिक ट्रस्ट नोंदवतात, एका कुटुंबाच्या खाजगी ट्रस्टचा तिथे संबंध नाही, याला 1882 चा इंडियन ट्रस्ट्स अ‍ॅक्ट लागतो. त्याने दाखवलेला नंबर त्याच्याच कुठल्यातरी दुसऱ्या संस्थेचा निघाला. टॅक्सचं तर उलटंच आहे, लाभार्थीचा (ज्याच्यासाठी ट्रस्ट, इथे माझा भाऊ) हिस्सा डीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या दस्तात, ठरवून दिलेला नसेल तर साधारणपणे सगळ्यात वरच्या दराने टॅक्स बसतो.

बाबांनी पासष्ट हजार फी दिली, बारा लाखांचा चेक दिला ‘कॉर्पस’ म्हणजे ट्रस्टमध्ये ठेवायची रक्कम म्हणून, वर एक युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) काढायला लावली ती वेगळीच. सुरुवातीला सहा महिने भावाच्या वर्कशॉपची फी येत होती, मग उशीर, मग सर मीटिंगमध्ये, मग फोन बंद. दिवाळीला मी घरी गेले तेव्हा डीड बघायला मागितलं तर आईकडे नुसती झेरॉक्स, ओरिजिनल त्यांच्याकडे ‘सेफ कस्टडीत’.

ते डीड मी रात्री बसून वाचलं. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरी केलेलं, सगळं इंग्रजीत. तिसऱ्या पानावर माझ्या भावाला चक्क ‘डॉटर’ केलेलं आणि पुढे तिच्या लग्नानंतर काय ही तरतूद सुद्धा, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी डीड कॉपी पेस्ट करून नावं बदललेली. त्यावर हसू आलं पण पुढची कलमं वाचून पोटात गोळा आला. ट्रस्टीला दरवर्षी एकूण रकमेच्या दोन टक्के मानधन. ट्रस्टीला काढायचं तर ट्रस्टीचीच लेखी संमती पायजे. आणि एका ओळीत, सेटलरच्या वारसांना हिशोब मागण्याचा अधिकार राहणार नाही. सेटलर म्हणजे पैसे देणारे माझे बाबा, वारस म्हणजे मी.

मग चेकच्या काउंटरफॉइलवरचं नाव बघितलं. कंपनीच्या नावातच ‘ट्रस्टी’ शब्द होता, बाबांना वाटलं हेच आपल्या ट्रस्टचं खातं. ट्रस्टचं पॅन म्हणून जे कार्ड दिलेलं त्याचं चौथं अक्षर सी होतं. पॅनचं चौथं अक्षर कुणाचं कार्ड आहे ते सांगतं, माणसाचं असेल तर पी, कंपनी असेल तर सी, ट्रस्ट असेल तर टी. म्हणजे आमच्या ट्रस्टचं पॅन कधी काढलंच नव्हतं, खातं उघडलंच नव्हतं, पैसे सरळ कंपनीत.

डोंबिवलीच्याच एका वकीलबाईंना कागद दाखवले. त्या म्हणाल्या फ्लॅटचं तुमचं नशीब चांगलं. डीडमध्ये फ्लॅट पण लिहिला होता, पण स्थावर मालमत्तेचा ट्रस्ट मृत्युपत्राने केलेला नसेल तर सबरजिस्ट्रारकडे नोंदवलेल्या डीडनेच होतो, नुसत्या नोटरीवर नाही. त्याने रजिस्ट्रेशनचा खर्च आणि व्याप टाळला म्हणून फ्लॅट वाचला. पैशाला मात्र रजिस्ट्रेशन लागत नाही, पैसे ट्रस्टीच्या हातात दिले की ट्रस्ट झाला. आणि डीडमध्ये रद्द करायचा हक्क राखून ठेवलेला नसेल तर रद्द करायला लाभार्थीची संमती लागते, ती माझा भाऊ कायद्याने देऊ शकत नाही. थोडक्यात बाहेर पडायचं दार आतून बंद. ट्रस्टी हटवायचा तर दिवाणी कोर्टात अर्ज, आणि त्याला वेळ लागतो.

हिशोब मागायचा हक्क कायदा लाभार्थीला देतो. माझ्या भावाला! ज्याला दहाची नोट मोठी की शंभराची हे समजत नाही. त्याच्या वतीने मागणार कोण, तर लीगल गार्डियन. अठरा वर्षं पूर्ण झाली की आईबाप सुद्धा आपोआप गार्डियन राहत नाहीत, कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या लोकल लेव्हल कमिटीकडून सर्टिफिकेट घ्यावं लागतं, हे आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं आणि सरांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्याने गार्डियन पण आमचीच संस्था राहील असं ठरवलेलं, आणि त्याच्या ‘सेटिंग’साठी पंचवीस हजार कॅश घेऊन गेलेला. म्हणजे हिशोब देणारा तोच आणि मागणारा पण तोच. नशिबाने तेवढं कष्टाचं काम पण त्याने केलं नाही, कलेक्टर ऑफिसला चौकशी केली तर अर्जच नव्हता. मग आईबाबांच्या नावाने आम्हीच अर्ज केला, आम्हाला तिथे कुणी एक रुपया मागितला नाही. कागद जमवायला फेऱ्या झाल्या, भावाला घेऊन जावं लागलं, त्याने तिथल्या मॅडमना आपली रंगवलेली पणती दाखवली आणि विकायचा प्रयत्न केला. सर्टिफिकेट आलं. ते हातात आल्यावर गार्डियन म्हणून रजिस्टर्ड पोस्टाने हिशोब मागितला, उत्तर आलं नाही, आणि उत्तर आलं नाही हेच आता आमच्या तक्रारीत उपयोगी पडतंय. आधी पोलीस चौकीत दोनदा ‘सिव्हिल मॅटर आहे’ म्हणून परत पाठवलेलं.

अजून एक, ज्याचा मला जास्त राग आहे. बाबा केंद्र सरकारचे पेन्शनर, त्यांच्या पश्चात स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला नियमात बसत असेल तर आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळते, आणि त्याचं नाव पीपीओमध्ये (पेन्शनच्या ऑर्डरमध्ये) आधीच घालून ठेवता येतं. दोन तास बसून सगळी माहिती लिहून नेणाऱ्या माणसाने हे एका शब्दाने सांगितलं नाही, त्यात कमिशन नाही ना. युलिपमध्ये आहे. तिच्यातनं पाच वर्षं पैसे काढता येत नाहीत, आणि पॉलिसी परत करायची तीस दिवसांची मुदत असते ती कधीच उलटून गेलेली. बाबा आता 76 आहेत.

नवीन डीडचा ड्राफ्ट वकीलबाईंकडे आहे. मी, मावसभाऊ आणि बाबांचे जुने पोस्टमास्तर मित्र असे तीन ट्रस्टी, खात्यावर दोघांच्या सह्या, दरवर्षी सीएकडून ऑडिट आणि त्याची कॉपी ट्रस्टी नसलेल्या एका नातेवाईकाला, बाबा असेपर्यंत रद्द करायचा हक्क बाबांकडे. मूळ रकमेतला मोठा भाग आत्ता टाकायचाच नाही, तो मृत्युपत्रातून ट्रस्टकडे जाईल.

ठाणे-कल्याण पट्ट्यात कुणी असं डीड सही केलं असेल तर आधी चेक कुणाच्या नावाने गेला ते बघा आणि ट्रस्टचं बँक स्टेटमेंट लेखी मागा, फोनवर नाही. आम्हाला अजून दोन-तीन घरं सापडलीत, त्यातल्या एका घरी खरंच मुलगी आहे आणि तिच्या डीडमध्ये लग्नाचं तेच कलम आहे. सगळ्यांचे अर्ज एकत्र आर्थिक गुन्हे शाखेत न्यायचं चाललंय, ज्यांचे कागद जुळतील त्यांनी मला मेसेज करा.