सात महिने झाले गेम स्टिक वापरून, आणि कंट्रा इतका फास्ट का पळतो ते आत्ता कळलं

दिवाळीच्या आधी ऑनलाईन मागवली होती, १,८९९ ला. पेनड्राईव्हपेक्षा थोडी जाड काडी, टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये खुपसायची, सोबत दोन बिनवायरचे रिमोट आणि एक मेमरी कार्ड, त्यात म्हणे दहा हजार गेम. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण खोक्यावर नावच नाहीये, नुसता एक चिडलेला डायनासोर छापला आहे. पहिल्या आठवड्यात पाच स्टार देऊन मोकळा होणार होतो, बरं झालं नाही दिले. चौथ्या महिन्यात एक स्टार देणार होतो, तोही नाही दिला ते बरंच झालं.

आधी मी कोणत्या गेमवर वाढलो ते सांगतो, त्याशिवाय पुढचं रडगाणं समजणार नाही. १९९६ ची उन्हाळ्याची सुट्टी, आम्ही नागपूरच्या प्रतापनगरला राहायचो, बाबांनी बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, टीव्ही गेम आणला. पांढरा-लाल, रिमोट ठेवायला दोन्ही बाजूंना खाचा. तो निन्टेंडोच्या फॅमिकॉमची कॉपी होता, म्हणजे जपानात जुलै १९८३ मध्ये निघालेल्या मशीनची, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तेव्हा निन्टेंडो हा शब्दसुद्धा आमच्या गल्लीत कोणाला माहीत नव्हता. सोबत पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं ९९९९ इन १. खऱ्या गेम वीसेक असतील, बाकी सगळा तोच मारिओ, कधी दुसऱ्या स्टेजपासून तर कधी पाण्यातून सुरू.

विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी, बाकी महाराष्ट्रातले पोट्टे दप्तर घेऊन निघाले तरी आमच्या दुपारी रिकाम्याच. बाहेर ४५, रस्त्यावर कुत्रं नाही, खिडकीत कूलर घरघरतोय, वाळ्याचा तो ओला वास, आणि टीव्हीच्या मागे अँटेनाची वायर काढून गेमची वायर लावायची आणि मग चॅनलचं बटण फिरवत बसायचं, मुंग्यांमधून मारिओ दिसेपर्यंत. बाबा ऑफिसातून आले की टीव्हीला हात लावून बघत नव्हते, तो तर कोणीही थंड करेल, ते अडॅप्टरला हात लावायचे. तो मेला तासाभरात इस्त्रीसारखा तापायचा. म्हणून पाच वाजले की आई तो काढून कूलरच्या झोतात ठेवायची.

आई आमच्या बाजूने होती असं नाही, तीच खेळायची! टँकवाली गेम, बॅटल सिटी, नामकोची १९८५ ची, ३५ स्टेज, प्रत्येक स्टेजला शत्रूचे २० रणगाडे, आणि खाली विटांच्या कोटात बसलेला गरुड सांभाळायचा. आईसाठी ती चिमणी. "अरे चिमणीकडे बघ, चिमणीकडे!" आपल्याच गोळीने आपलीच चिमणी मरते हे दादाने एकदा मुद्दाम करून दाखवलं तर आई त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नव्हती. लाईन गेली की खेळ संपला, त्या कॅसेटमध्ये सेव्ह वगैरे काही नाही, म्हणून ती किती स्टेजपर्यंत गेली ते कॅलेंडरच्या चौकोनात लिहून ठेवायची, दुधाच्या हिशोबाखाली. "२ लि., स्टेज १७". बाबांना कित्येक वर्षं ते १७ काय आहे कळलं नाही.

तर आता ही स्टिक.

लावली, मारिओ सुरू झाला, डोळ्यात पाणी वगैरे यायच्या बेतात होतं आणि मारिओ पहिल्याच खड्ड्यात पडला. परत पडला. उडीचं बटण दाबलं की तो एक क्षण विचार करून उडत होता. दोन दिवस रिमोटला शिव्या घातल्या. मग कळलं की अर्धा दोष टीव्हीचा, आजकालचे टीव्ही चित्र गुळगुळीत करायच्या नादात ते उशिरा दाखवतात. सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, बराच फरक पडतो. तिथेच चित्राचा आकार ४:३ करा, नाहीतर मारिओ लग्नाच्या पंगतीतून उठून आल्यासारखा दिसतो. उरलेला अर्धा दोष मात्र त्या बिनवायरच्या रिमोटचाच, त्याला काही इलाज सापडला नाही.

डक हंट, म्हणजे गनने बदकं पाडायची गेम, ती पण आहे यादीत, पण गन नाही, आणि असती तरी चालली नसती. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा, गनच्या नळीतला सेन्सर तो उजेड पकडायचा. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या हिशोबाने बसवलेलं, एलईडीवर चित्रच उशिरा पोचतं तर गन काय पकडणार डोंबल. आमच्या वेळी गन बल्बवर धरून बदक पाडता येतं असं दादा छातीठोक सांगायचा, त्याने कधी पाडून दाखवलं नाही ही गोष्ट वेगळी.

गेम मोड लावूनही काहीतरी खटकत होतं. कंट्राच्या, म्हणजे त्या बंदूकवाल्या गेमच्या, तिसऱ्या स्टेजला, धबधब्यावर, मी टिकतच नव्हतो, जिथे पूर्वी डोळे मिटून जायचो. म्हटलं झालं, चाळिशी आली, हात गेले. पाच-सहा महिने मी हेच धरून बसलो होतो, बायकोला पण सांगितलं, ती म्हणाली चष्म्याचा नंबर वाढला असेल.

मे महिन्यात दादा पुण्याहून आला. जेवण झालं, कूलरसमोर बसलो, वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए, मग दोघांसाठी सिलेक्ट आणि स्टार्ट, ३० लाईफ आल्या. हा कोड कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी मुळात १९८६ च्या ग्रेडियस या गेमसाठी टाकला होता, गेम तपासताना त्यांच्याकडूनच ती पूर्ण होत नव्हती म्हणून. आपल्याकडे तो कंट्रामुळे पोचला. कसा पोचला देव जाणे, इंटरनेट नव्हतं, पण गल्लीतल्या प्रत्येक पोट्ट्याला पाठ. तर खेळ सुरू होऊन दहा सेकंद झाले असतील, दादा म्हणाला, "अबे हा फास्ट चालून रायला ना."

आणि खरंच! जपान-अमेरिकेतले टीव्ही एनटीएससी पद्धतीचे, तिथे गेम सेकंदाला ६० फ्रेमच्या, म्हणजे ६० चित्रांच्या, हिशोबाने पळते. आपल्याकडे पाल पद्धत, सेकंदाला ५०. आपल्या कॉपीवाल्या मशीन पाल टीव्हीसाठी बनवलेल्या, आत गेम मात्र जपानी, म्हणजे जे तिकडे ६० सेकंदांत व्हायचं ते आपल्याकडे ७२ सेकंदांत. आपण अख्खं बालपण स्लो मारिओ खेळलो भाऊ. ही स्टिक ६० नेच चालवते आणि मेनूमध्ये बदलायची सोय नाही, सगळं शोधून झालं.

दादाने मग त्याच्या लॅपटॉपवर एक फुकटचा एम्युलेटर टाकला, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम. त्यात रिजनच्या यादीत एनटीएससी, पाल आणि तिसरं डेंडी असं होतं. डेंडी म्हणजे रशियात १९९२ पासून विकली गेलेली अशीच कॉपी मशीन, तीही ५० चीच. ते निवडलं आणि धबधबा पार. पार म्हणजे मी पार, दादा खालीच मेला, कारण वर चढणारा पुढे गेला की स्क्रीन सरकते आणि मागचा गचकतो, यावरून आमची १९९७ साली मारामारी झालेली आणि या मे महिन्यात पण थोडी झाली.

आवाजाचं तर अजून भारी. स्टिकवर मारिओचा आवाज मला पातळ, परका वाटायचा. त्या एम्युलेटरमध्ये ड्युटी सायकल अदलाबदल करा अशी एक टिक होती, वाचलं तर म्हणे बऱ्याच कॉपी चिपमध्ये आवाजाच्या लहरीच्या दोन सेटिंग उलट्या बसल्या होत्या. टिक केली आणि स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "हां, हा आपला." तिला कोणी विचारलंही नव्हतं.

बाकी वापराचं पटापट सांगतो. दहा हजारावर जाऊ नका, तीच ९९९९ इन १ ची परंपरा, मी मोजायला बसलो आणि कंटाळलो, बॅटल सिटीच आठ वेगवेगळ्या नावांनी सापडली. डावी-उजवी बटणं एका रिमोटची तिसऱ्या महिन्यात ढिली झाली, तिरपं दाबलं की नेम कुठेही. रिमोटचे सेल दर पंधरा दिवसांनी बदलायचे. चौथ्या महिन्यात कार्ड मेलं, एका संध्याकाळी फक्त काळी स्क्रीन, विकणाऱ्याने फोटो पाठवा, व्हिडीओ पाठवा करत तीन आठवडे घालवले आणि शेवटी काहीच दिलं नाही. नशीब मुलीने आधीच कार्ड लॅपटॉपवर कॉपी करून ठेवलं होतं, बर्डीवरून ३५० चं नवीन कार्ड आणलं, त्यात टाकलं, चालू. घेतलीत तर पहिल्या दिवशी हेच करा, गेम नंतर खेळा. एप्रिल-मेमध्ये टीव्हीच्या मागे खुपसलेली ती काडी इतकी तापते की अर्ध्या तासात अडकते, बाराशेची असो की अठराशेची, नागपूरच्या उन्हाळ्यात सगळे गेम शेवटी कूलरसमोरच येतात. एचडीएमआयची छोटी एक्स्टेन्शन वायर लावून बाहेर काढली तेव्हापासून बरं आहे.

आईला मी लॅपटॉपवरचा स्लो वाला टँक लावून दिला, म्हटलं हा तुझा खरा स्पीड. तिने दोन स्टेज खेळले आणि म्हणाली, "हा काय रेंगाळून रायला, मला टीव्हीवरचाच लाव." तिला दिवाळीपासून साठच्या स्पीडची सवय झालीय, परवा स्टेज १९ ला पोचली, जुन्या १७ च्या पुढे. कॅलेंडरवर लिहिलंय, आता दुधाच्या वर.

तर तीन स्टार. एक कापला रिमोटसाठी, एक त्या दहा हजाराच्या थापेसाठी. स्पीड आणि आवाजाचा नाही कापला, स्टिक ते बरोबरच वाजवून रायली, उलटा होता तो आमचा.