आखूड नळीची रायफल आणि माझे ५५,५०० रुपये

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहतो, गाव संगमेश्वर तालुक्यात. वडिलांच्या मागे त्यांची दुनळी बारा बोअर बंदूक (बोअर म्हणजे नळीचं माप) रीतसर माझ्या शस्त्रपरवान्यावर आली. काजूच्या बागेखालची घळ आणि तिथली रानडुकरं हाही वारसाच. २०२० च्या ऑक्टोबरात कापणीला आलेलं भात त्यांनी दोन रात्रींत लोळवलं.

त्या घळीत करवंदीच्या जाळ्या इतक्या माजल्यात की पंधरा पावलांपलीकडचं दिसत नाही. बारा बोअर घेऊन आत शिरलं की नळी वेलीत अडकते, सोडवेपर्यंत खालचं पान हललेलं थांबलेलं असतं. म्हणून मनात आलं, आखूड, हलकी बोल्टची रायफल असावी, म्हणजे दर गोळीनंतर हाताने दांडी ओढून पुढची गोळी भरायची ती. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बंद आहे आणि शेतात धुडगूस घालणाऱ्या डुकरासाठीही वनखात्याची लेखी परवानगी लागते, हे मला माहीत होतं. अर्ज मात्र मी केला नव्हता. कबूल करतो, डुकरं हे निमित्त होतं. रायफलीची हौस शाळेत असल्यापासूनची.

परवानाधारकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी विचारणा टाकली. तासाभरात फोन आला. बेलापूरच्या परवानाधारक विक्रेत्याकडे काम करतो म्हणाला. भाव, पैसे यांचं नावही नाही. आधी विचारलं, "काका, रान कसलं? जास्तीत जास्त किती अंतरावर दिसतं? आणि तुम्ही उजवे की डावरे?"

मी डावरा आहे. आयुष्यात एकाही दुकानदाराने मला हे विचारलेलं नाही. तो म्हणाला, "मग अडचण आहे. बोल्ट उजव्या अंगाला. तुम्हाला दर गोळीला खांदा सोडावा लागेल." चोर आपल्याच मालाची खोड कशाला सांगेल, असं मला वाटलं. तिथेच मी फसलो.

माल त्याच्याकडे तयारच होता. पुण्याकडचे एक निवृत्त लष्करी अधिकारी, त्यांच्याकडे तीन हत्यारं. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर दोनच ठेवता येतात आणि तिसरं १३ डिसेंबर २०२० च्या आत जमा करायचं होतं. हे अगदी खरं होतं, तेव्हा सगळ्या परवानेवाल्यांत त्याचीच चर्चा. त्यामुळे साहेब स्वस्तात काढतायत, ३१५ बोअर, 'जंगल कार्बाइन', नळी एकोणीस इंचांच्या आत, ९०,००० रुपये. फोटो आला. आखूड, देखणी, नळीच्या तोंडाशी कर्ण्यासारखा भाग. जड गोळी आहे, झुडपं कापत सरळ जाते, म्हणाला. वर, "गव्यालाही पुरेल."

गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाचा प्राणी. खरा विक्रेता परवानेवाल्या गिऱ्हाइकाशी गव्याचं नाव काढणार नाही. मी मात्र कौतुकाने ऐकत होतो.

टोकन २५,००० दिले. मग पोलिसांच्या ना-हरकतीचे म्हणून १८,५००. माझ्या परवान्यावर दुसरं हत्यार चढवायला आणि त्याला यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा सरकारी ओळख क्रमांक, जोडायला १२,०००. आठ दिवसांत रायफल घरपोच. लॉकडाऊन नुकता सैल झालेला, त्यामुळे "दुकानात नका येऊ, साहेब बाहेर भेटत नाहीत" हे सगळं पटत गेलं.

यातच एका रात्री मी त्याला लिहिलं, "नळी अजून दोन इंच कमी करून मिळेल का?"

नऊ दिवस झाले, दहा झाले. अकराव्या दिवशी मी पैसे परत मागितले. शिवीगाळ नाही, आवाज चढवणं नाही. त्याने माझाच तो मेसेज मला परत पाठवला आणि खाली लिहिलं, "काका, विनापरवाना नळी कापणं गुन्हा आहे. शस्त्र कायदा, कलम ६. आधी तुम्हालाच बोलावतील."

कलम खरं आहे, मी पुस्तक काढून पाहिलं. दोन आठवडे बायकोलाही सांगितलं नाही. दारावर बेल वाजली की पोटात गोळा यायचा.

शेवटी वाशीला राहणाऱ्या, वरळीच्या रेंजवर उमेदीची वर्षं घालवलेल्या एका ओळखीच्या काकांना फोटो दाखवला. चष्मा वर करून त्यांनी तीन सेकंद पाहिलं असेल. "अरे, ही लष्करी ली-एनफिल्डची नंबर पाच. १९४४ ते ४७ मध्ये केलेली. थ्री नॉट थ्री. हा कर्णा जाळ झाकायला असतो." थ्री नॉट थ्री म्हणजे प्रतिबंधित बोअर, साध्या परवान्यावर चढतच नाही. आपल्याकडे ३१५ चाललं तेच मुळी या कारणाने, की लष्करी बोअर नागरिकांना मिळत नव्हतं. म्हणजे फोटो एका बंदुकीचा, वर्णन दुसरीचं, आणि दोन्ही त्याच्याकडे नाहीत. झुडपं कापणाऱ्या गोळीवर तर ते हसलेच. काडीला लागली की कुठलीही गोळी भरकटते, जड असो की हलकी. म्हणून दाट रानात मोकळी फट दिसेपर्यंत बार टाकायचा नसतो. आणि आखूड नळीचा आवाज, जाळ, धक्का? "डावऱ्या खांद्याने एकदा मारून बघ, दुसऱ्यांदा मागणार नाहीस." नळी कापली तर माशी, म्हणजे नेम धरायचा पुढचा खुंट, पुन्हा बसवावी लागते, तोंड अचूक काटकोनात घासावं लागतं, नाहीतर नेम जातो, हेही त्यांच्याकडूनच कळलं, उशिरा.

दुसऱ्या दिवशी आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेत गेलो. तिथल्या बाईंनी पाच मिनिटांत सगळं मोडीत काढलं. एका परवानाधारकाने दुसऱ्याला हत्यार विकायचं तर आधी पोलिसांना लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. आठ दिवस हा आकडा ऐकूनच त्यांनी मान हलवली. दुसऱ्या हत्याराची नोंद हवी तर अर्ज मी स्वतः करायचा. आणि बंदूक घरपोच? "काका, तो काय पिझ्झा आहे?"

मेसेजचं विचारायला तोंड उघडत नव्हतं. विचारलं. तक्रार लिहून घेणाऱ्या तरुण हवालदाराने तो दोनदा वाचला. "रायफल कुठाय?" नाही. "मग कापली काय?" तेवढ्यावर तो पुढच्या रकान्याकडे गेला. दोन आठवडे मी या प्रश्नाला घाबरून घरात बसलो होतो, आणि तेवढ्यात पैसे खात्यातून पुढे कुठे कुठे निघून गेले होते. तेव्हा ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक नव्हता. आता आहे, पहिल्या तासात लावा. माझ्या पैशांतले ६,२०० रुपये गोठवलेल्या खात्यातून परत आले, बाकीचे गेले.

गावात पुतण्याने घळीच्या कडेला झटका मशीनचं कुंपण घातलंय. डुकरं आता शेजाऱ्याकडे जातात, त्यावरून वेगळं भांडण चालू आहे.

फोटो तेवढा लक्षात ठेवा, कारण तो अजून फिरतोय. गेल्या महिन्यात एकाने मला दाखवला, त्याला ७५,००० सांगितले होते आणि मालक निवृत्त वनाधिकारी झाला होता. निळ्या फुलांच्या चादरीवर आडवी ठेवलेली रायफल, दस्त्याच्या टोकाला काळी रबरी पट्टी, आणि वरच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी पायाचा अंगठा.