घरबसल्या व्हिजिटिंग कार्ड छापायच्या नादात ९३,५४० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

कोल्हापुरात परत तीच पत्रकं पेपरात घालून यायला लागलेत. "घरबसल्या व्हिजिटिंग कार्ड डिझाईन करा, छापा, ऑर्डर आमची, महिना १८,००० कमवा." नाव बदललंय, फोन नंबर बदललाय, बाकी मजकूर तोच, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितेय, कारण आत्तापर्यंत घरचे सोडून कुणाला आकडा सांगितला नव्हता. मशीन आणि किटचे ७४,५००, ट्रेनिंगचे जीएसटी धरून ३,५४०, कच्च्या मालाचं डिपॉझिट १५,००० आणि कराराच्या स्टॅम्पपेपरचे ५००. एकूण ९३,५४०. त्यातले ५०,००० बचत गटाचं कर्ज आहे, गल्लीतल्या बायकांच्या भरवशावर मिळालेलं, त्यामुळं इकडं काही होवो, हप्ता चुकवता येत नाही.

मशीन आमच्याकडून घ्या, माल आम्ही परत घेतो, हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. अगरबत्तीचं मशीन, वातीचं मशीन, द्रोण-पत्रावळीचं मशीन. मलाही माहीत होता. वातीचं काम घेऊन कुणी आलं असतं तर दारातनंच घालवला असता. पण हे माझ्या ओळखीचं काम होतं. लग्नाआधी मी लक्ष्मीपुरीत एका प्रेसमध्ये डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची मांडणी, करत होते, कोरल ड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरवर कार्डं लावायची, श्रीलिपीच्या मराठी फॉन्टमध्ये टाईप करायचं, सगळं येतंय मला. आमच्याकडं फक्त फाईल तयार व्हायची, छापून बाहेरनं यायचं, त्यामुळं छपाईच्या खोलीशी कधी संबंध आला नाही. त्यांनी नेमकं हेच हेरलं. पहिल्या फोनवरच विचारलं, "मॅडम तुम्हाला कोरल येतं का?" येतं म्हटल्यावर "मग तुम्हाला ट्रेनिंगची गरजच नाही" म्हणाला, आणि तरी ट्रेनिंगचे ३,५४० घेतले.

ऑफिस शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावर. काचेचं दार, एसी, भिंतीवर फ्रेम केलेलं उद्यमचं, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, सर्टिफिकेट. ते सर्टिफिकेट फुकटात ऑनलाईन निघतं, माहिती आपली आपणच भरायची असते, सरकारचा कुणी माणूस येऊन बघून जात नाही. ते बघून विश्वास ठेवू नका. मी ठेवला, कारण त्यावर अशोक स्तंभ होता आणि मला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

आता डेमोचं सांगते, कारण रात्री झोप लागत नाही ती त्याच्यामुळं. टेबलावर इंक टँकचा साधा प्रिंटर. त्या पोरानं ए-फोर साईजची जाड शीट घातली, एका सराफाच्या दुकानाचं कार्ड, साडेतीन इंच बाय दोन इंच, शीटवर दहा बसतात. शीट बाहेर आली, माझ्यासमोर आली, जरा ओलसर होती. तो म्हणाला, "कटिंग आतल्या खोलीत आहे मॅडम, इथं कचरा होतो." शीट घेऊन आत गेला. चहा आला. परत आला तेव्हा हातात दहा कार्डं, मॅट फिनिश, कडा एकदम धारदार. मी अंगठा घासून बघितला, शाई हलली नाही. उलटून बघितलं तर मागंही छपाई, सोनेरी पट्टा, दुकानाचा नकाशा.

माझ्या डोळ्यांदेखत एकाच बाजूची शीट निघाली होती. मागची बाजू कोरी होती, मी बघितली होती. मग हा नकाशा कुठनं आला? हा प्रश्न मला तिथंच पडला होता. मनात म्हटलं आत दुसरा प्रिंटर असेल, त्यावर मारली असेल मागची बाजू. विचारणार तेवढ्यात त्यानं करारपत्र पुढ्यात ठेवलं, आणि शेजारी बसलेली एक बाई मोबाईल पुढं करून म्हणाली की माझं या महिन्याचं पेमेंट आलं बघा ताई. ती बाई त्यांचीच होती असं आता वाटतंय. मी न विचारता सही केली. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही तेच केलं असतं, समोर माणसं बसलेली असताना "ही कार्डं तुम्ही आतनं बदलून आणलीत" असं तोंडावर म्हणायला कुणाचं धाडस होतंय? म्हणून सांगते, शीट निघाली की तिच्यावर पेनानं सही करा आणि कापून परत आली की सही शोधा. कटिंग आत आहे म्हणाले तर तुम्हीही आत जा. येऊ देत नसतील तर जिना उतरा.

पैसे भरताना कंपनीचं खातं नव्हतं, एका माणसाचं सेव्हिंग खातं होतं, "करंट अकाऊंटचं काम चालू आहे" म्हणे. बिलावरचा जीएसटी नंबर २९ नं सुरू होणारा, म्हणजे कर्नाटकचा. निपाणी, बेळगाव आपल्याला काय लांब आहे, इथला निम्मा धंदा तिकडनं चालतो, त्यामुळं मला त्यात वावगं वाटलं नाही. नंतर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. हे बघायला दोन मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत, पैसे देण्याआधी बघा.

पहिली ऑर्डर २,००० कार्डांची आली. म्हणजे २०० शीट, आणि दोन्ही बाजू धरल्या तर ४०० वेळा मशीनमधनं काढायच्या. मुलांच्या परीक्षा चालू असताना रात्र रात्र बसून काढल्या. शाई वाळायला हॉलभर शीटा पसरलेल्या, पाय ठेवायला जागा नाही. आर्ट कार्डाच्या गुळगुळीत कागदावर या प्रिंटरची शाई धरतच नाही, बोट लागलं की पुसते, हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि कागद त्यांनीच दिलेला. माल नेऊन दिला. काही दिवसांनी माल तपासणीत नापास झाल्याचा मेसेज आला, "क्यूसी रिजेक्ट. कडेला पांढरी रेष, शाई पसरली, पुढची-मागची बाजू जुळत नाही." वाया गेलेल्या मालाचे शीटमागं २४ प्रमाणे ४,८०० डिपॉझिटमधनं वजा. आणि पुढं ऑर्डर पाहिजे असेल तर लॅमिनेशन मशीन घ्या, ११,८०० फक्त. ते मी भरले नाहीत. गडहिंग्लजच्या एका ताईंनी भरले, त्यांना तेही मशीन मिळालं नाही.

पांढऱ्या रेषेचं मला तेव्हाच डोक्यात आलं आणि मी फाईल उघडून बघितली. डिझाईन बरोबर साडेतीन बाय दोनवर संपवलेलं, बाहेर ब्लीड शून्य. ब्लीड म्हणजे चारी बाजूंनी ३ मिलिमीटर रंग जास्तीचा सोडायचा असतो, कापताना पातं केसभर सरकलं तरी पांढरं दिसू नये म्हणून, हे डीटीपीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी त्यांना फोनवर म्हटलं होतं, ब्लीड घालून घेऊ का? "फाईलला हात लावायचा नाही, करारात लिहिलंय." आणि करारात अर्धा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालणार नाही हेही लिहिलेलं, हातानं फिरवायच्या कटरवर. म्हणजे माल रिजेक्ट व्हावा म्हणूनच फाईल तशी दिलेली. माझ्या कामात खोट नव्हती, हे मी कुणालाही दाखवून सांगेन.

मग ती डेमोची कार्डं घेऊन मी आमच्या जुन्या मालकांकडं गेले. त्यांनी ड्रॉवरमधनं भिंग काढलं, एक मी छापलेलं कार्ड ठेवलं, एक डेमोचं. डेमोच्या कार्डावर गोल ठिपके, ठरलेल्या मांडणीत. माझ्यावर नुसते बारीक शिंतोडे. मग कोपऱ्याला नखानं टोकरलं तर पातळ पारदर्शक फिल्म सुटून वर आली. "पोरी, ह्यो प्लेटवरनं छापलेला, लॅमिनेशन मारलेला माल हाय. तुझ्या मशिनीत ह्यो जन्मात निघायचा न्हाई." मग हिशोब सांगितला. ऑफसेटवर, म्हणजे प्लेटवरच्या छपाईत, मोठ्या शीटला बऱ्याच गिऱ्हाईकांची कार्डं एकत्र लावून छापतात, लॅमिनेशन एकदम, कटिंग एकदम, म्हणून हजार मल्टीकलर कार्डं काही शे रुपयांत पडतात. मग मला कार्डामागं १ रुपया ८० पैसे देऊन कोण कशाला छापून घेईल? त्यांना कार्डं नकोच होती. मशीन विकायचं होतं. तोच प्रिंटर राजारामपुरीत १३,९०० ला मिळतो, कटर ४,५०० ला. १८,४०० चा माल मला ७४,५०० ला घातला.

आता पोलिसांचं. पोलिस ठाण्यात गेले तर पहिलाच प्रश्न, "सही तुमचीच हाय नव्हं? मग हा दिवाणी मामला झाला, कोर्टात जावा." दुसऱ्या वेळी म्हणे तुम्ही राहता एका हद्दीत, ऑफिस दुसऱ्या हद्दीत, खातं परराज्यात, आम्ही काय करणार. नंतर साहेब जोतिबाच्या यात्रेच्या बंदोबस्ताला. मग साहेब आले तर झेरॉक्स कमी. झेरॉक्स आणल्या तर ज्यांनी मागितल्या ते सुट्टीवर. अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत, "विश्वास नाही का आमच्यावर ताई?" अहो ९३,५४० रुपये विश्वासावरच गेलेत, आता शिक्का द्या! १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. फसवणुकीचं कलम न्याय संहितेत ३१८, म्हणजे जुनं ४२०. हे मी त्यांना सांगितलं तर तिथले हवालदार म्हणाले, "लई अभ्यास केलाय की." तुम्ही अभ्यास केला असता तर मला करायला लागला नसता. आणि या सगळ्यात शाहूपुरीचं ऑफिस बंद झालं, काचेवरचं स्टिकरसुद्धा खरवडून नेलं, जागामालक म्हणतो अकरा महिन्यांचा करार होता, मला काही माहीत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ऑफिस उघडं होतं. एक कॉन्स्टेबल पाठवला असता तर माणूस हातात होता.

बँकेत गेले तर "पैसे तुम्हीच पाठवलेत ना मॅडम?" मीच पाठवले. फसवून घेतले म्हणूनच तक्रार आहे. ऑनलाईन पैसे गेले असतील आणि ताजं असेल तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा, पैसे खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात. मी आधी त्यांचीच मनधरणी करत बसले, परत देतो देतो म्हणत त्यांनी महिना घालवला, तोवर खात्यात काही राहिलं नव्हतं.

एका वकिलांनी सांगितलं की मशीन धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. हे अर्धवट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू चालते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. मी तक्रार तयार करतेय.

घरी कार्डं छापायला माझा विरोध नाही. पन्नास-शंभर पाहिजेत, नंबर बदललाय, घाई आहे, तर घरचा प्रिंटर बरा. कागद इंकजेटसाठी कोटिंग केलेलाच घ्या, दुकानात विचारून. ब्लीड सोडा, अक्षरं कडेपासून आत ठेवा, फोटो ३०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचा. श्रीलिपीतली फाईल दुसरीकडं देताना अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून, द्या नाहीतर मराठीचा पाक चुथडा होतो. हजार पाहिजेत तर गुपचूप ऑफसेटवाल्याकडं जावा. आणि गिऱ्हाईक आपलं आपण शोधा. जो मशीन विकतो तोच ऑर्डर देतो म्हणत असेल तर त्याच्याकडं फिरकूसुद्धा नका.

पोलिस ठाण्यानं गुन्हा नोंदवला नाही तर तोच अर्ज पोस्टानं थेट एसपींना, म्हणजे जिल्हा पोलिस प्रमुखांना, पाठवता येतो, तेही कलम १७३ मध्येच आहे. माझा रजिस्टर पोस्टानं गेलाय, पावती जपून ठेवलीय. शाहूपुरीच्या त्या दुसऱ्या मजल्यावर ज्यांनी ज्यांनी सही केलीय त्यांनी आपापलं करारपत्र, बिल आणि रिजेक्टचा मेसेज काढून ठेवा, मोबाईल बदलायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, आणि आपापला अर्ज स्वतः एसपींना पाठवा. एकटीचा अर्ज दिवाणी ठरवतात, वीस जणींचा आला तर कसा ठरवतील ते बघू.