वाण्याकडचा पांढरा व्हिनेगर: नळाला पाच तारे, ओट्याला शून्य

किराणा दुकानात सोया सॉसच्या शेजारी जी पारदर्शक बाटली उभी असते, तिच्याबद्दलच हे परीक्षण आहे. लेबलवर ‘सिंथेटिक’ आणि ‘ॲसिटिक ॲसिडपासून तयार’ असं छापलेलं असतं. ते वाचून बिचकायचं कारण नाही. आपल्याकडच्या अन्न नियमांप्रमाणे त्यात किमान ३.७५ टक्के ॲसिड असावंच लागतं आणि बहुतेक बाटल्यांवर ४ टक्के लिहिलेलं असतं. सफाईसाठी कित्येक पट महाग ॲपल सायडर व्हिनेगर घेणं म्हणजे पैसे मोरीत ओतणं. ॲसिड तेच, वर रंग आणि चिकटपणा फुकट.

ही बाटली तुमच्या कामाची आहे का, हे तुमच्याकडे पाणी कुठून येतं यावर ठरतं. पुण्यात खडकवासला धरणाचं कॉर्पोरेशनचं पाणी येणाऱ्या पेठांत किंवा कोथरूडात नळावर क्षार बसतो, पण सावकाश. तिथे एक बाटली बरेच महिने पुरते. वाघोली, उंड्री, पिसोळीकडे ज्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात, तिथे नवा शॉवर बघता बघता तिरक्या धारा मारायला लागतो. व्हिनेगरची खरी परीक्षा तिथेच होते, आणि तिथे तो पास होतो.

नळावरचा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. ॲसिड लागलं की बुडबुडे येतात आणि थर विरघळतो. पण मापात. ४ टक्क्यांचा एक लिटर व्हिनेगर फार तर ३३ ग्रॅम क्षार विरघळवू शकतो, म्हणजे वाटीभर व्हिनेगर पाच ग्रॅमच्या आसपास. म्हणूनच थर जाड असेल तर अर्ध्यात बुडबुडे थांबतात आणि लोक म्हणतात, ‘काही उपयोग नाही हो याचा.’ व्हिनेगर संपलेला असतो, क्षार नाही. जुना ओतून टाका, नवा घाला.

नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा. आतली रबरी वॉशर बाजूला ठेवा, कारण ॲसिडमध्ये फार वेळ राहिली तर ती फुगू शकते. जाळी वाटीत, वर कोमट व्हिनेगर, अर्धा तास. मग जुन्या टूथब्रशने घासून उलट बाजूने पाणी सोडा. शॉवर निघत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर भरून ती शॉवरच्या तोंडाला रबरबँडने बांधा. तासाभराने सोडा. रात्रभर ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नका. क्रोमचा मुलामा कुठे टवका गेलेला असेल तर ॲसिड खालच्या पितळेपर्यंत जातं आणि मग डाग कायमचा.

बाथरूमच्या काचेवरचा धुरकट थर मात्र नुसत्या व्हिनेगरने जात नाही. तो साबण आणि क्षार मिळून झालेला असतो. ॲसिड त्यातला क्षार सोडवतं, पण साबणातली चरबी काचेवरच राहते आणि हात फिरवला की तेलकट लागते. आधी व्हिनेगर मारून पंधरा मिनिटं थांबायचं, मग भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब घेऊन स्पंजने घासायचं, मग वायपर. स्वच्छ काच नुसती पुसायची असेल तर एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी, आणि उन्हात नाही. पाणी पटकन सुकतं आणि पट्टे उठतात.

इलेक्ट्रिक किटलीला निम्मं पाणी, निम्मा व्हिनेगर. गरम करून बंद करा, अर्धा तास ठेवा, धुवा, मग साधं पाणी दोनदा उकळून फेका. गीझरच्या वाटेला जाऊ नका. त्यातली कॉइल मेकॅनिकने खोलून साफ करायची असते.

आता ओटा. पुण्यातल्या जुन्या फ्लॅटमध्ये काळा ओटा म्हणजे ग्रॅनाइटच असेल असं नाही; बरेचदा तो कडप्पा असतो, आणि कडप्पा हा चुनखडीचाच दगड. शहाबादी आणि कोटाही त्याच जातीचे, आणि मार्बल तर आहेच. जुन्या मोझॅक फरशीत सिमेंट आणि मार्बलची खडी असते. नळावरचा क्षार ज्या रसायनाने जातो, त्याच रसायनाने या सगळ्यांचं पॉलिश जातं. फरशी पुसायच्या बादलीत झाकणभर व्हिनेगर रोज घातला तर एका दिवसात काही दिसत नाही, पण हळूहळू वावरायच्या जागी फरशी निस्तेज होते आणि ते पुसून निघत नाही. पॉलिशवालाच बोलवावा लागतो. शंका असेल तर गॅसच्या मागे, न दिसणाऱ्या कोपऱ्यात एक थेंब टाका आणि दोन मिनिटं बघा. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर फिका ठिपका राहिला, तर त्या दगडापासून बाटली लांब ठेवा. ग्रॅनाइट आणि चकचकीत टाइल ॲसिडला दाद देत नाहीत, पण टाइलच्या फटीतलं व्हाइट सिमेंट देतं, म्हणून मारल्यावर लगेच भरपूर पाण्याने धुवा. चुन्याचा हात दिलेल्या भिंतीवरची पावसाळी बुरशी पुसायलाही हा नको. बुरशीबरोबर चुनाही उतरतो. ॲल्युमिनियमची पातेली ॲसिडने झिजतात, बिडाच्या तव्याचं तेल उतरून तो गंजतो.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून तुंबलेल्या मोरीत ओतायचा प्रकार बघायला झकास असतो. प्रत्यक्षात १०० मिलि व्हिनेगर साडेपाच ग्रॅम सोड्यातच उदासीन होतो. फेस संपला की उरतं ते जवळपास नुसतं खारट पाणी. मोरीची जाळी काढून केस ओढून काढणं जास्त फळतं.

एक गोष्ट मात्र गमतीवर न्यायची नाही: ब्लीच, ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीन असलेल्या कुठल्याही क्लीनरबरोबर व्हिनेगर कधीही नको. विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि आपली बाथरूम्स बंदिस्त असतात. एकाच दिवशी दोन्ही वापरू नका. आणि हा जंतुनाशक नाही. कच्च्या मांसाच्या फळीला किंवा आजाऱ्याच्या खोलीला याच्यावर विसंबू नका.

केसांना याचा थोडा उपयोग आहे, विशेषतः टँकरच्या पाण्यात साबण वापरणाऱ्यांना, कारण केस राठ करणारा साबण-क्षाराचा थर यात सुटतो. अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलि, शेवटच्या तांब्यात. डोळ्यांत जाऊ देऊ नका, मिनिटभराने धुवा. अख्ख्या बादलीत चमचाभर टाकून काही होत नाही. क्षाराच्या पाण्यातला क्षारच ते ॲसिड खाऊन टाकतो. शाम्पू वापरत असाल तर फारसा फरक दिसणार नाही, बहुतेक शाम्पू आधीच किंचित आम्लधर्मी असतात.

चेहऱ्याला टोनर म्हणून, तीळ-मस्से घालवायला, दात पांढरे करायला: तिन्हीला नाही. सरळ लावलेल्या व्हिनेगरने त्वचा भाजल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि दातांचं इनॅमल ॲसिडने झिजतं ते परत येत नाही. ‘पातळ करून लावलं की चालतं’ हेही तितकंसं खरं नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ०.५ टक्क्याच्या ॲपल सायडर द्रावणात रोज १० मिनिटं, १४ दिवस हात बुडवायला लावले. त्वचेची स्थिती सुधारली नाही, उलट बहुतेकांना जळजळ झाली. एक्झिमा असणाऱ्यांनी तर हा प्रयोग घरी करूच नये.

वासाचं म्हणाल तर खिडकी उघडी असली की लवकर उडतो. तो अजिबात सोसत नसेल तर किराण्यातच मिळणारं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, घ्या: लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. किटलीला तेच बरं, फक्त उकळू नका, नाहीतर कॅल्शियम सायट्रेटचा नवा थर बसतो. दगडांचे नियम त्यालाही तेच. घाऊक दुकानातलं तीव्र ॲसिटिक ॲसिड आणून घरी पातळ करायच्या फंदात पडू नका, ते कातडी जाळतं. आणि व्हिनेगर स्प्रेच्या बाटलीत भरलात तर बाहेर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव लिहा, आठवडाभर वापर नसेल तर तो मूळ बाटलीत परत ओता. स्वस्त स्प्रेच्या आतली लोखंडी स्प्रिंग गंजते आणि पुढच्या वेळी काचेवर तांबूस थेंब पडतात.