व्हॉरम पर्सी: चर्च पाहून मागे फिरू नका

इंग्लंडमधल्या यॉर्कशायर वोल्ड्स या टेकड्यांमधलं हे ओसाड मध्ययुगीन गाव ‘इंग्लिश हेरिटेज’ ही वारसा जपणारी संस्था सांभाळते. मॉल्टनच्या आग्नेयेला साधारण 6 मैल. तिकीट नाही, स्वच्छतागृहही नाही. गाडी लावल्यावर पाऊण मैल पायवाट आहे. जाताना उतार लागतो म्हणून सोपी वाटते, दम निघतो तो परतताना. पाऊस झाला असेल तर चिखलात चालणारे बूट हवेत. बाबागाडी नेऊ नका.

दरीत सेंट मार्टिन चर्चचे अवशेष लागतात. भिंतीत दगडांनी बुजवलेल्या कमानी नीट पाहा. वस्ती घटली तसे चर्चचे बाजूचे भाग पाडले आणि कमानी चिणल्या. गाव आटत गेल्याचा हिशेबच त्या भिंतीत आहे. पण खरं गाव वर, पठारावर: गवताखाली घरांच्या पायांचे उंचवटे. भरदुपारी तिथे नुसतं कुरण दिसतं. सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा, तिरप्या प्रकाशात सावल्या पडतात आणि घरं, अंगणं, वाटा उमटतात. 1950 ते 1990 दरवर्षी इथे उत्खनन चाललं. प्लेगने गाव संपलं हा समज चुकीचा. 1348-49 च्या साथीनंतरही ते दीडशे वर्षं टिकलं. शेवटची कुटुंबं 1500 च्या सुमारास हलवली गेली ती मेंढ्यांसाठी.

नावाचा उलगडा आधी करून जावं. ‘व्हॉरम’मधला ‘अम’ म्हणजे वस्तीवाचक ‘हॅम’ असं वाटतं, आणि 1086 च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-पाहणीत, ‘वॉरहॅम’ असं रूप असल्याने माणूस हमखास फसतो. अभ्यासक मात्र तो जुन्या इंग्रजीतल्या ‘ह्वेर’ची, म्हणजे हंड्याची, अनेकवचनी विभक्ती मानतात: ‘ह्वेरुम’, बहुधा ‘हंड्यांपाशी’. हंडा म्हणजे इथे जमिनीचा खोलगट आकार असावा, आणि दरीच्या तळाशी उभं राहिलं की ते पटतं. ‘पर्सी’ हे इथल्या नॉर्मन जमीनदारांचं घराणं. उत्तरेकडच्या ‘व्हॉरम ल स्ट्रीट’शी घोळ होऊ नये म्हणून ते नाव जोडलं, आपल्याकडच्या बुद्रुक-खुर्दचंच काम. तिथला ‘स्ट्रीट’ म्हणजे रोमन रस्ता. त्या गावात आजही लोक राहतात, तेव्हा नकाशात नाव पूर्ण टाका.

दोन तास हाताशी ठेवा. तासाभरात उरकायचं असेल तर चर्च शेवटी ठेवा, आधी पठार गाठा.